सातची माशी आणि सातचा पंप

काका, सा. न.

आम्ही शिळफाट्याच्या पुढे राहतो. रस्ते, गोदामं यांत जाऊन आता एकरभर रान उरलंय. पावसाळ्यात भात, मग बोअरच्या पाण्यावर काकडी, कारली, दुधी, थोडी भेंडी, बांधाला चवळी. माल तुर्भ्याच्या मार्केटला जातो, उरलासुरला मी दिव्याला स्टेशनजवळ बसून विकते. गेली तीन वर्षं मार्च संपला की काकडी वाकडी येते, एका टोकाला फुगीर, दुसरीकडे बारीक. कळ्या पिवळ्या पडून गळतात. सासरे म्हणतात, पूर्वी मांडवात शिरलं की कानाशी नुसती भणभण असायची, आता माशी दिसत नाही. मुलगा कॉलेजात आहे. तो म्हणतो, ग्लोबल वॉर्मिंग आहे, आपल्या हातात काही नाही. दुकानदार म्हणतो, फुलगळीचं टॉनिक आणि कीटकनाशक एकत्र करून दर आठ दिवसांनी मारा. मारते. ऊन फार म्हणून सकाळी सातलाच पंप घेते. फेब्रुवारीत ढगाळ झालं तेव्हा चवळीवर मावा आला, त्याच्यात काळ्या-नारिंगी काटेरी अळ्या होत्या, त्यांच्यासाठी वेगळं औषध आणलं. आता कोणी सांगतंय मधमाश्यांच्या पेट्या घ्या. घेऊ का? की रानच विकून टाकू? गोदामवाले विचारतातच.

– एक शेतकरी बाई, ठाणे तालुका

ताई,

रान ठेवायचं की विकायचं हे मी सांगणार नाही. तो घरातल्या माणसांनी बसून करायचा हिशेब आहे. पण वाकड्या काकडीमुळे विकणार असाल तर जरा थांबा.

पत्र दोनदा वाचलं. मला काकडीपेक्षा जास्त खटकलं ते सातच्या पंपाचं वाक्य. तुम्ही ते सहज लिहून पुढे गेलात.

काकडीचं फूल सूर्य उगवता उगवता उमलतं आणि त्याच दिवशी संपतं. मादी फुलाच्या मागे इवलीशी लवदार काकडी आधीपासूनच चिकटलेली असते, नर फुलामागे नुसता देठ. त्या मादी फुलावर माशी एकदा येऊन गेली की झालं, असं नसतं. आठ-दहा वेळा तरी यावी लागते, तेव्हा पुरेसे पराग पोचतात. फळाच्या ज्या भागातल्या बियांना पराग मिळाले तो भाग फुगतो, ज्यांना मिळाले नाहीत तो बारीकच राहतो. वाकडी काकडी म्हणजे माशीने अर्ध्यावर सोडलेलं काम.

आता ती अर्ध्यावर का सोडते ते बघा. मधमाश्यांना पोळ्यातल्या पिल्लांच्या भागाचं तापमान ३४ ते ३५ अंशांच्या आसपास राखावं लागतं. त्याहून फार वर गेलं तर पिल्लं बिघडतात. बाहेर पारा ३८-४० ला टेकला की कामकरी माश्या फुलं सोडून पाण्यामागे धावतात. पोळ्यात पाण्याचे थेंब पसरतात आणि पंखांनी वारा घालतात, आपल्या जुन्या वाळ्याच्या ताट्यांसारखं. म्हणजे उन्हाच्या दिवशी माश्या तेवढ्याच असल्या तरी फुलावर येणाऱ्या कमी होतात, आणि ज्या येतात त्या सकाळच्या गारव्यातच उरकतात. साडेनऊ-दहानंतर मांडव गप्प होतो. सासऱ्यांची भणभण गेली त्याचं एक कारण हे आहे. तुमच्या भागात तर चहूकडून पत्र्याची गोदामं आणि काँक्रीट तापतं, त्यामुळे सकाळचा गारवाही लवकर सरतो.

आणि याच उन्हाने तुम्हालाही सातला रानात ढकललंय. तुमच्या पाठीवर पंप, तिच्या पायाला पराग, आणि दोघींची गाठ त्या एकाच उघड्या फुलापाशी. दर आठ दिवसांनी. दुकानातून आणलेल्या डब्यावर इमिडाक्लोप्रिड किंवा थायामेथोक्झाम असं काही लिहिलंय का ते आजच वाचा. ही औषधं मधमाशीला फार वाईट. थोड्या प्रमाणात गेली तर माशी जागीच मरत नाही, पण घरची वाट विसरते. मग रानात मेलेली माशी दिसत नाही आणि आपण म्हणतो, माश्या कुठे गेल्या कोण जाणे.

तर पहिलं काम, यात पैसे लागत नाहीत: सकाळचा पंप बंद. मारायचंच असेल तर संध्याकाळी साडेपाचनंतर, उजेड असेपर्यंत. तेव्हा काकडीची, कारल्याची फुलं मिटलेली असतात. टॉनिकात कीटकनाशक मिसळून फुलोऱ्यावर मारणं तर सोडूनच द्या. फुलगळ परागांवाचून होत असेल तर टॉनिक काय करणार? दुधीचं मात्र उलटं आहे. तिची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात आणि त्यांच्यावर रात्री पतंग येतात. म्हणून दुधीच्या ओळीला संध्याकाळी हात लावू नका, शक्यतो औषध नाहीच.

पण मी इथे ठाण्यात खुर्चीत बसून बोलतोय, तुमचं रान पाहिलेलं नाही. म्हणून खात्री तुम्हीच करायची.

आधी चार वाकड्या काकड्या आणि पिवळी पडलेली दोन कारली उभी चिरा. आत पांढरी वळवळ दिसली तर तो फळमाशीचा प्रताप, मधमाशीच्या गोष्टीचा तिथे संबंध नाही. त्याला वेलवर्गाचे क्यूल्यूरचे, म्हणजे नर फळमाशीला वासाने ओढणारे, सापळे लावायचे, टोचलेली फळं गोळा करून खोल गाडायची, बांधावर फेकायची नाहीत. आत अळी नसेल आणि बारीक बाजूच्या बिया पोकळ असतील, तर पुढची परीक्षा करा. संध्याकाळी उद्या उमलतील अशा वीस मादी कळ्या शोधून त्यांना रंगीत दोरा बांधा. सकाळी सात-साडेसातला त्यातल्या दहांवर ताजं नर फूल, पाकळ्या मागे करून, हलक्या हाताने फिरवा. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलं होतात. उरलेली दहा माश्यांवर सोडा. दोन्हींचे दोरे वेगळ्या रंगाचे घ्या, नाहीतर आठवड्याने आपणच गोंधळतो. आठ दिवसांनी मोजा. हाताने केलेल्या सरळ आल्या आणि सोडलेल्या वाकड्या, तर तुम्हाला माशी कमी पडतेय. दोन्ही गळल्या तर दोष माशीचा नाही. कडक उन्हात परागच निकामी होतात, किंवा वेलाला पाणी कमी पडतं, आणि मग माशीने कितीही फेऱ्या मारल्या तरी उपयोग नाही.

तिसरंही एक कारण आहे, जे दुकानदार कधी सांगत नाही. दिवस मोठा झाला आणि ऊन वाढलं की काकडी वर्गातल्या वेलांना नर फुलं जास्त आणि मादी कमी लागतात. वेल पिवळ्या फुलांनी भरलेला दिसतो आणि फळ नाही. हा वेलाचा स्वभावच आहे. तुमची लागवड जानेवारीअखेर होत असेल तर ती पंधरा दिवस अलीकडे घेता येते का ते बघा, म्हणजे मुख्य फुलोरा मार्चच्या मध्याआधी निघून जाईल. भातानंतर वाल घेत असाल तर रान मोकळं व्हायला उशीर होतो हे मला ठाऊक आहे, म्हणून निदान काकडीच्या चार ओळी तरी.

आता तुमच्या मुलाकडे येतो. त्याचं म्हणणं खोटं नाही. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालाप्रमाणे १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढलं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण मार्च २०२२ हा देशातला १९०१ पासूनचा सगळ्यात तापलेला मार्च ठरला, आणि पुढच्याच वर्षी फेब्रुवारीनेही तसाच विक्रम केला. म्हणजे तुमच्या काकडीच्या फुलोऱ्याचे नेमके दिवस. आणखी एक गोष्ट त्याला सांगा. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये मांडलं होतं की तापमानवाढ थंड देशांत जास्त असली तरी तिथल्या कीटकांना ती बरेचदा मानवेल, आणि खरा फटका आपल्यासारख्या उष्ण देशांतल्या कीटकांना बसेल. कारण आपले कीटक आधीच त्यांना झेपणाऱ्या उन्हाच्या काठावर जगतायत. काठावर उभ्या असलेल्याला ढकलायला अर्धा अंशही पुरतो.

त्यातही भेद आहे. किडी खाणारे जे किडे, म्हणजे आपले मित्र, ते बहुतेकदा किडीपेक्षा नाजूक निघतात. ट्रायकोग्रामा नावाची गांधीलमाशीची एक चुलत बहीण आहे, मिलिमीटरहूनही लहान. ती बोंडअळी, फळ पोखरणाऱ्या अळी यांच्या अंड्यांत आपली अंडी घालते. ३५ अंशांच्या वर तिचं आयुष्य आणि काम दोन्ही घटतात. भेंडीला ट्रायकोकार्ड, म्हणजे ती आत वाढत असलेली अंडी चिकटवलेलं कार्ड, लावणारे शेतकरी म्हणतात, कार्डं फसवी निघाली. एका कार्डावर साधारण वीस हजार अंडी असतात, पण भर दुपारी कुरिअरच्या पिशवीतून उतरवून उन्हातल्या पानावर टाचल्यावर त्यातलं काय उरणार? संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूला, सावलीत लावा. याउलट फुलकिडे, पांढरी माशी आणि लाल कोळी यांना कोरडं ऊन चांगलं मानवतं. मित्र दमले, शत्रू ताजे, असा हा एप्रिल असतो. म्हणून मुलगा बरोबर आहे. फक्त ‘आपल्या हातात काही नाही’ हे त्याचं अर्धं वाक्य मला मान्य नाही.

कारण चवळीवरच्या त्या अळ्यांचं काय, ताई?

काळी, अंगावर नारिंगी ठिपके, बारीक काटे, सहा पाय, चालताना इवल्याशा मगरीसारखी. ती ढालकिड्याची पिल्लं होती. ढालकिडा म्हणजे तो लाल-नारिंगी, काळ्या ठिपक्यांचा, वाटाण्याच्या डाळीएवढा किडा, पोरं हातावर घेऊन खेळतात तो. मोठा किडा सगळ्यांना आवडतो, त्याची पोरं कोणी ओळखत नाही. त्यांना मावा खायला तुम्ही बोलावलं नव्हतं, फुकट आली होती, आणि तुम्ही त्यांच्यासाठी वेगळं औषध विकत आणलंत. रागावून लिहीत नाही. नोकरीत असताना मीही ‘पेरणीनंतर इतक्या दिवसांनी पहिली फवारणी, इतक्या दिवसांनी दुसरी’ अशी वेळापत्रकं गावोगाव वाटली आहेत. पानावर काय आहे हे न बघता तारखेने फवारायचं, हे त्या वेळी आम्हीच शिकवलं. त्याची लाज वाटते, म्हणून हे सदर लिहितो असं म्हटलं तरी चालेल.

गंमत अशी की माव्याचं ऊन आणि ढग यांच्याशी असलेलं नातं तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे. मावा उन्हाने वाढत नाही, कडक उन्हात उलट कमी होतो. तो फुटतो ढगाळ, दमट हवेत. माव्याची मादी नराशिवाय पिल्लं घालते आणि तीही थेट जिवंत. आठवडाभरात ती पिल्लं स्वतः आई होतात. ढालकिड्याला मात्र अंडं, अळी, कोष असा सगळा प्रवास करायला जवळजवळ तीन आठवडे लागतात. म्हणून मावा आधी दिसतो आणि त्याचे खाणारे मागून. हल्ली फेब्रुवारीत अवेळी आभाळ येतं, मावा एकदम वर जातो, आणि आपण घाबरून नेमकं त्याच आठवड्यात औषध मारतो जेव्हा ढालकिड्याची पहिली पिढी नुकती निघालेली असते. मावा उरतो, कारण तो लवकर भरून निघतो. मित्र संपतात. मग पुढच्या पंपाची सोय आपोआप झाली.

पुढच्या वेळी चवळीचे दहा शेंडे वाकवून बघा. ढालकिडे किंवा त्यांच्या अळ्या चार-पाच शेंड्यांवर दिसल्या तर चार दिवस हात मागे. पाण्याचा जोराचा फवारा शेंड्यांवर मारला तरी बराच मावा खाली पडतो. नाहीच आवरला तर पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे शंभर लिटर पाण्याला पाच किलो निंबोळ्यांचा अर्क, संध्याकाळी. आणि ती बांधावरची चवळी काढू नका. ढालकिड्यांचं ते पाळणाघर आहे. तिच्यावर मावा आला तरी काकडीवरचा भार कमी होतो, हे मी अनेक रानांत पाहिलंय.

फक्त एक सावधगिरी. ढालकिड्यासारखाच दिसणारा एक पानं खाणारा किडा कारल्यावर, वांग्यावर येतो. तो मळकट, अंगावर बारीक लव असलेला, ठिपके पुष्कळ. त्याची अळी पिवळी, फांदीदार काट्यांची, आणि ती बसते त्या पानाची जाळी होते. चमकदार तो मित्र, मळकट तो चोर, इतकं लक्षात ठेवलं तरी बहुतेकदा भागतं.

पेट्यांचं विचारलंय. आत्ता, एप्रिलच्या तोंडावर, घेऊ नका. आपल्या भागाला देशी सातेरी मधमाशी मानवते, परदेशातून आणलेली मेलीफेरा नव्हे असं माझं मत. पण सातेरीचा स्वभाव असा की ऊन, उपासमार किंवा मुंग्यांचा त्रास झाला की अख्खं कुटुंब पेटी सोडून उडून जातं. सावली, पाणी आणि पावसाळ्यात फुलं नसताना साखरपाणी, एवढं जमणार असेल तर नोव्हेंबरात एक-दोन पेट्यांपासून सुरुवात करा. आधी पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत किंवा खादी मंडळाकडे प्रशिक्षण घ्या. विकणाऱ्याकडून शिकू नये. आणि शेजारी सकाळी पंप मारत असेल तर तुमच्या पेट्या त्याच्या औषधाने मरतील, हे आधी त्याच्याशी बोलून घ्या.

पेटी नसली तरी माश्या तुमच्याकडे आहेत. बारीक, फुलोरी माशी झुडपाच्या फांदीला हाताच्या पंजाएवढं पोळं लावते. डंख न मारणारी पोयाची माशी भिंतीच्या भेगेत राहते. आणि आपला काळा भुंगा, ज्याला बघून बायका ओरडतात, तो तुमच्या मांडवाच्या बांबूत राहतो. जुन्या सुक्या बांबूला करंगळीएवढं गोल भोक आणि खाली भुसा दिसला तर ते भुंग्याचं घर. वांगी, टोमॅटोच्या फुलातले पराग मधमाशीला नीट काढता येत नाहीत, भुंगा फुलाला धरून अंग घुमवतो आणि ते झडतात. तुम्ही मांडव बदलून लोखंडी तारा-पाइप लावायच्या विचारात असाल तर तसे चार जुने बांबू तरी कडेला आडवे बांधून ठेवा. काही एकट्या राहणाऱ्या माश्या बांधाच्या उघड्या मातीत बीळ करतात, म्हणून सगळा बांध मल्चिंगने झाकू नका, आणि राब भाजताना आग बांधावरच्या गवतात जाऊ देऊ नका.

पाणी ठेवा. पत्र्याच्या पसरट टोपात खडे घालून, खड्यांची डोकी वर राहतील इतकंच पाणी, सावलीत. खडे नसले तर माश्या बुडतात. रोज बदला, नाहीतर त्यात डास होतील आणि शेजारीण माझ्या नावाने बोटं मोडेल. कडेला कोथिंबीर, बडीशेप, मोहरी यांची एकेक ओळ फुलावर सोडा, काढून विकू नका. ज्यांच्या अळ्या मावा खातात त्या माश्यांना आणि ट्रायकोग्रामासारख्या बारीक जिवांना त्या छोट्या फुलांतला मध लागतो. शेवगा असेल तर तोडू नका.

जाता जाता घोडबंदर, ऐरोली, खारघरच्या उंच इमारतींत राहणाऱ्या वाचकांना एक विनंती. तुमच्या बाराव्या-पंधराव्या मजल्याच्या छज्जाखाली लटकलेलं ते मोठं पोळं आग्या माशीचं आहे. ती काही किलोमीटर उडते, चांदण्या रात्री तर अंधारातही फुलांवर जाते. ताईंच्या काकडीवर सकाळी आलेली माशी कदाचित तुमच्याच गॅलरीतून निघालेली असेल. पोळं दिसलं की सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकून औषध मारणाऱ्याला बोलावलं जातं. ती बऱ्याचदा हंगाम संपला की आपणहून जाते. दोन महिने त्या खिडकीला जाळी लावून बंद ठेवता येत असेल तर ठेवा, आणि पोळ्याजवळ धूर, उग्र अत्तर, फटाके टाळा. लहान मूल किंवा ॲलर्जी असलेलं माणूस घरात असेल तर जाणत्या माणसाकडून पोळं हलवून घ्या.

ताई, दहा-दहा फुलांचा आकडा मला कळवा. दोऱ्याचा रंग, तारीख आणि किती सरळ, किती वाकड्या, एवढंच एका चिठ्ठीवर. सासऱ्यांनाही एक प्रश्न विचारा: पूर्वी मांडवात भणभण असायची तेव्हा फवारणी कोण करायचं, आणि किती वाजता?